आधी हंगाम बघा, मग पाठाचं पुस्तक उघडा

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात तीन गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या सांभाळतो. संडेस्कूल बरी चालते. दहावीनंतर मात्र पोरं दिसेनाशी होतात, तरुण संघ नाताळापुरता जागा होतो आणि मोठ्यांसाठी रविवारच्या उपदेशापलीकडे काही नाही. वरून बारा पाठांचं एक पुस्तक आलं. जुलैत वर्ग सुरू केला, चौथ्या पाठाला दोघंच उरले. तरुण आणि प्रौढांसाठी टिकेल असा शिक्षणाचा कार्यक्रम कसा उभा करावा? मंडळीबाहेरच्यांना घ्यावं का? प्रमाणपत्र द्यावं का?

उत्तर :

पाळकसाहेब, सलाम.

वर्ग का मोडला याचं कारण पुस्तकात शोधू नका, महिन्यात शोधा. जुलै म्हणजे निंदण, डवरणी, खत. शेतकरी शेजारच्या गावातून ऑटो भरभरून बाया आणतो. त्या दिवसभर चिखलात वाकतात, घरी येऊन चूल पेटवतात, आणि सात वाजता त्यांनी ‘विश्वासात वाढ’ या विषयावर चर्चेला यावं अशी आपली अपेक्षा. दोघं टिकले हेच नवल. ते दोघं कोण, हे मात्र लिहून ठेवा. त्यांच्याकडे मी पुढे येणार आहे.

वऱ्हाडातल्या आणि झाडीपट्टीतल्या मंडळ्यांत असे वर्ग चालवण्यात आणि चालवणारी माणसं तयार करण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. त्यावरून सांगतो. मोठ्या माणसाला शिकवायचं तर दोनच गोष्टी मुळातून जमाव्या लागतात. त्याच्या कामाच्या वर्षात मोकळी जागा हेरायची, आणि तो जे शिकला ते लगेच वापरायला त्याच्या हाती खरं काम द्यायचं. एवढं जमलं की पुस्तक साधारण असलं तरी वर्ग चालतो. हे नसेल तर रंगीत चित्रांचं, गुळगुळीत कागदाचं पुस्तकसुद्धा कपाटात जातं.

हे काही माझं डोकं नाही. ज्या संडेस्कूलचा तुम्हाला अभिमान आहे तिचाच जन्म बघा. 1780 साली इंग्लंडच्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने ती काढली. तिथली गरिबांची पोरं आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यात राबायची. रविवार तेवढा मोकळा, म्हणून शाळा रविवारी. आणि शिकवायचं काय, तर आधी वाचायला. बायबल हेच वाचनाचं पुस्तक. 1876 मध्ये अलाहाबादला भारतातल्या संडेस्कूलांचा संघ उभा राहिला आणि ही पद्धत आपल्या गावांपर्यंत आली, पण येता येता रविवार तेवढा उरला आणि रविवार का, हे गळून गेलं. आपल्याकडे तर उन्हाळा सोडला तर शेतमजुराला रविवारही मोकळा नसतो.

दुसरा दाखला डेन्मार्कचा. ग्रुंटविग हे तिथले लुथरन पाळक. परीक्षा नाही, पाठांतर नाही, खेड्यातल्या प्रौढ तरुणांनी एकत्र राहून इतिहास, भाषा, गाणी, शेती शिकायची, ही त्यांची कल्पना. अशी पहिली शाळा 1844 मध्ये रोडिंगला निघाली. पुढे या शाळा देशभर पसरल्या तेव्हा वर्षाची मांडणी शेतावरून झाली: शेतं बर्फाखाली असताना हिवाळ्यात मुलगे, उन्हाळ्यात मुली. आपल्याकडे बर्फ नाही, पण रिकामं वावर आहे.

तर तुमच्या तीन गावांचं वर्ष कागदावर मांडा. यवतमाळच्या कोरडवाहू भागात कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते ती संक्रांतीपर्यंत रेंगाळते. मग तूर, मग हरभरा. फेब्रुवारी सरता सरता हात मोकळे होतात ते मिरगाच्या तोंडापर्यंत. याच काळात लेंट येतो. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे हे चाळीस दिवस आज आपण उपास आणि संध्याकाळच्या प्रार्थनासभांपुरते ठेवले आहेत. सुरुवातीच्या शतकांतल्या मंडळीत हा प्रौढांच्या शिक्षणाचाच काळ होता. ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्या मोठ्या माणसांना या दिवसांत शिकवलं जाई. कॅथलिक चर्चने 1972 मध्ये प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा जो विधी नव्याने दिला त्यात लेंटची ही जागा त्यांनी परत आणली. आपण प्रोटेस्टंटांनीही ती उचलायला हरकत नाही. लेंटमध्ये आठवड्याला दोन संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर. मोठा टप्पा तो. मे महिना लग्नांना, उन्हाला आणि पोरांच्या व्हीबीएसला, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेला, सोडून द्या. पावसाळ्यात महिन्याला एक बैठक, तीही फक्त गाठ राहावी म्हणून. पोळ्याच्या आसपास निंदण ओसरलेलं असतं आणि शिकायला बाहेर गेलेली पोरं घरी येतात, तेव्हा तरुणांचं दोन दिवसांचं शिबिर घ्या.

हेच वेळापत्रक उचलून तुमच्या गडचिरोलीतल्या मित्राला देऊ नका. तिकडे धानाचं गणित वेगळं. रोवणी जुलै-ऑगस्टात, कापणी-मळणी नोव्हेंबर-डिसेंबरात. पण मार्च-एप्रिलमध्ये मोह पडायला लागला की बाया पहाटे अंधारात रानात जातात आणि मे उजाडला की तेंदूपत्ता. म्हणजे ऐन लेंटमध्ये गाव रिकामं. तिथे जानेवारी-फेब्रुवारी धरावा लागतो. मेळघाटात दिवाळीनंतर अर्धं गाव कामाला बाहेर पडतं आणि होळीला परततं, कारण कोरकूंचा मोठा सण होळी. तिकडचा वर्ग होळीनंतरच. शिवाय या दोन्हीकडे मराठी ही पुष्कळांची दुसरी भाषा आहे. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या माणसाला मराठी अक्षरं थेट शिकवायला बसलात तर तो एकाच वेळी दोन गोष्टी शिकतोय हे विसरू नका. बोलणं त्याच्या भाषेत, फळ्यावरची अक्षरं मराठी, आणि मध्ये दोन्ही येणारा गावातलाच एक जण, असं केलं तरच चालतं.

आता शिकवायचं काय. तुमच्या मंडळ्यांत किती मोठ्या माणसांना वाचता येतं, हे तुम्ही विचारलंही नसेल, कारण सगळ्यांच्या हातात बायबल दिसतं. इथे एक गोष्ट सांगतो. एका मंडळीत एक आजी तेविसावं स्तोत्र फार छान ‘वाचत’. चष्मा लावायच्या, पान बरोबर काढायच्या, बोट ओळीखालून फिरायचं, आवाज खणखणीत. एकदा शेजारी बसून बोट बघितलं. तोंड शत्रूंच्या देखत मांडलेल्या ताटापर्यंत पोचलं होतं आणि बोट अजून हिरव्या कुरणातच होतं. सगळं पाठ. मंडळीत अशी माणसं पुष्कळ असतात आणि त्यांची लाज राखूनच शिकवावं लागतं. चारचौघांत ‘तुम्हाला वाचता येत नाही’ म्हटलं की ते माणूस परत येत नाही.

पाठ असलेलं हे धन वाया घालवू नका, वाचनाला तेच उत्तम सामान आहे. स्तोत्राची पहिली चार वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहा, पट्ट्या कापा, उलटसुलट करून चटईवर मांडा आणि ओळीने लावायला सांगा. पाठ आहे म्हणून काय यायला हवं ते माहीत असतं. कोणती पट्टी तीच, हे मात्र डोळ्यांनीच ओळखावं लागतं. मग पट्टीचे शब्द कापा. मग ‘माझा’ हा एकच शब्द पानभर कुठेकुठे आहे ते शोधायला लावा. ‘मेंढपाळ’सारखा शब्द सुरुवातीला चित्रासारखा ओळखू द्या, ‘ढ’ची फोड नंतर. इथपर्यंत सोपं आहे. खरी उडी पुढे असते, पाठ असलेल्या मजकुरावरून कधी न ऐकलेल्या मजकुरावर. ती मारल्याशिवाय वाचन आलं असं धरू नका. आमच्या त्या आजींना ‘माझा’ वरून ‘माझी’ पहिल्यांदा उमगलं ते ‘माझी लाडकी बहीण’ योजनेच्या फलकावर, एसटी थांब्याला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात येऊन सांगितलं आणि मग बचतगटाची वही, रेशनच्या दुकानातली पाटी, बँकेचं पासबुक असा मजकूर आम्ही वर्गात आणायला लागलो.

ज्यांना पाठांतराचा आधार नाही त्यांच्यासाठी पाउलो फ्रेरे यांची वाट धरा. ब्राझीलच्या आंजिकुस गावात 1963 मध्ये त्यांनी सुमारे 300 मजुरांना वाचायला शिकवलं. लष्करी राजवट आल्यावर त्यांना देश सोडावा लागला आणि 1970 ते 1980 ही वर्षं ते जिनिव्हाला जागतिक चर्च परिषदेच्या शिक्षण विभागात होते. त्यांची रीत अशी: लोकांच्या रोजच्या बोलण्यातले, त्यांच्या जिवाशी लागलेले थोडे शब्द निवडायचे, प्रत्येकावर आधी भरपूर बोलायचं आणि मग तो शब्द अक्षरांत फोडून त्या अक्षरांची कुटुंबं मांडायची. आपल्याला हे नवं नाही, आपली बाराखडी तेच करते. ‘कापूस’ घ्या: का-कि-कु, पा-पि-पु, सा-सि-सु. तेवढ्या अक्षरांतून ‘काकू’, ‘पिसू’, ‘सासू’, ‘पीक’ असे शब्द माणसं स्वतः जुळवतात आणि हसतात. शब्द निवडताना अक्षरांचा अंदाज ठेवा. वऱ्हाडात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सगळ्यांच्या तोंडी, पण तो ‘ऱ्ह’ पहिल्या आठवड्यात फळ्यावर आणलात तर वर्ग तिथेच आडवा होईल. ‘कर्ज’ हा शब्दही रफारामुळे उशिरा घ्यावा. शिवाय त्यावर बोलणं सुरू झालं की त्या दिवशी अक्षर शिकवून होत नाही. होऊ नये.

आता ते टिकलेले दोघं. फ्रँक लॉबाक हे अमेरिकन मिशनरी फिलिपिन्समधल्या लानाव भागात साक्षरतेचे वर्ग चालवत. मंदीत पैसे आटले, शिक्षकांना पगार देता येईना, तेव्हा तिथल्या एका सरदाराने ठरवून टाकलं की जो शिकला त्याने एकाला शिकवायचं. त्यातून ‘एकाने एकाला’ ही मोहीम निघाली आणि 1930 च्या दशकात लॉबाक हिंदुस्थानातही आले. पैशाअभावी सुचलेली ती युक्ती मला पगारी शिक्षकापेक्षा भरवशाची वाटते. कालच शिकलेल्या बाईला अडचण कुठे येते ते आठवत असतं, तुम्हाला-मला ते आठवत नाही. तुमच्या दोघांना पुढच्या लेंटमध्ये विद्यार्थी म्हणून बोलावू नका. दोघांना प्रत्येकी एक घर द्या, फार तर दोन. तुम्ही त्यांना महिन्यातून एकदा पुरे दुपारभर भेटा, पुढच्या चार बैठका त्यांच्याबरोबर बसून करून बघा, बस. पाळकाने स्वतः फळ्यासमोर उभं राहिलं की वर्गाचा उपदेश होतो. आपली सवयच ती.

आणि वर्ग चालवणारा पुरुषच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. मिशनच्या काळात घरोघर जाऊन बायांना वाचायला शिकवणाऱ्या बायबलबाया या आपल्या भागातल्या सुरुवातीच्या प्रौढशिक्षिका होत्या. त्यांची नावं चर्चच्या भिंतीवरच्या संगमरवरात नाहीत. तिथे साहेबांची आहेत. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, शाळा काढली, पुढे त्यांच्या नावाने 1883 मध्ये कॉलेज झालं. हे काम मोठंच. पण खेड्यातल्या मंडळीला त्या धाटणीचा एक चटका बसला. मिशनने शाळा दिली, बोर्डिंग दिलं, पोरगं शिकलं आणि नागपूर-पुण्याला गेलं. मागे राहिलेल्या आईबापांसाठी काही रचलं गेलं नाही, कारण शिक्षण म्हणजे लेकरांचं असंच सगळे धरून चालले.

पुढारी तयार करण्याचंही तेच झालं. 1953 पासून पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी तुमच्या यवतमाळातच होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. निवासी सेमिनरीचं काम आपल्या जागी ठीक, पण दहा एकर कोरडवाहू आणि दोन बैल असलेला मंडळीचा वडील, म्हणजे तिचा ज्येष्ठ पुढारी, तीन वर्षं वसतिगृहात राहू शकत नाही. हाच पेच ग्वाटेमालाच्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला पडला. 1963 मध्ये त्यांनी उलटं केलं: सेमिनरीच गावागावात गेली. माणसाने घरी पुस्तकातून थोडं थोडं शिकायचं आणि आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर जमून त्यावर बोलायचं. काम चालू, मंडळी चालू, शिक्षणही चालू. भारतात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून बेंगळुरूची टाफ्टी ही संस्था याच रीतीने शिकवते. तुमच्या तीन गावांतल्या पंचांसाठी आणि उपासना चालवू शकणाऱ्या वडिलांसाठी ही रीत धरा. त्यातला जीव त्या आठवड्याच्या बैठकीत असतो. पुस्तकं वाटून दिली आणि बैठक गाळली की ती रद्दी होते, हे मी छातीठोकपणे सांगतो.

तरुणांबद्दल जरा वेगळं बोलावं लागेल. पोरं चर्चला कंटाळली असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपण त्यांना खुर्च्या लावायला, कॅरलला आणि नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला बोलावतो. वीस वर्षांचा मुलगा आणखी किती वर्षं मेंढपाळ होणार? जोसेफ कार्डाइन या बेल्जियन धर्मगुरूने 1925 मध्ये तरुण कामगारांची चळवळ उभी केली ती तीन पायऱ्यांवर: पाहा, पारखा, करा. 1961 मध्ये पोप तेविसावे योहान यांनी आपल्या परिपत्रकात ही रीत सगळ्या चर्चला सांगितली. कागदावर ती फार सोपी दिसते. गावात उतरवताना प्रश्न नेमका लागतो. ‘समाजातील समस्या’ असा विषय दिलात तर दारूबंदीवर पोस्टर रंगवून होतात आणि पुढे काही घडत नाही.

एक प्रश्न देतो, तो करून बघा: आपल्या मंडळीतल्या किती घरांच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे? पोरांकडे फोन आहेत, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उतारा निघतो. त्यांनी घरोघर जायचं, उतारा काढायचा, मोठ्यांना वाचून दाखवायचा. इथेच अर्धं शिक्षण होतं, कारण पुष्कळ घरांत कुणाची कोणती नोंद आहे हे त्या घरालाच ठाऊक नसतं; आजोबा जाऊन जमाना झाला आणि नाव अजून त्यांचंच. ही झाली पाहणी. मग पारख. बायबल उघडा, गणना, सत्ताविसावा अध्याय. सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसावं, आम्हाला वाटा द्या. मोशेलाही उत्तर देता येत नाही, तो प्रकरण देवापुढे नेतो आणि निकाल मुलींच्या बाजूने लागतो. हा उतारा आपल्या उपदेशांत सहसा येत नाही. तरुणांनी तो वाचायचा, आईबापांसमोर वाचायचा आणि विचारायचं, आपल्याकडे काय करायचं? मग कृती: लक्ष्मी मुक्ती योजनेखाली बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, त्याचा अर्ज तलाठ्याकडे. सगळी घरं तयार होणार नाहीत. काही बाप पोरांवर चिडतील, एखादा तुमच्याकडे तक्रार घेऊन येईल. त्या वेळी तुम्ही पोरांच्या मागे उभे राहता की ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता, यावर तरुण संघाचं पुढचं सगळं ठरेल.

त्यांचे स्वतःचे प्रश्नही टाळू नका. सेतू केंद्रात जातीचा दाखला काढायला गेलेल्या पोराला कळतं की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्या दलिताला नाही. आदिवासी मुलाला मात्र धर्मामुळे अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. एकाच तरुण संघात दोघं शेजारी बसलेले असतात. शेजारच्या बौद्ध वस्तीतला त्यांचा मित्र दीक्षाभूमीबद्दल अभिमानाने बोलतो आणि यांना घरात आपली जात कधी सांगितलेलीच नसते. यावर बारा पाठांच्या पुस्तकात ओळ नाही. तुम्ही बोललात तर पोरं तासभर हलत नाहीत. उत्तर तुमच्याकडे नसलं तरी चालेल, दार लावू नका.

त्या पुस्तकाचं काय करायचं? फेकू नका. बारांतले तीन पाठ निवडा, ते तुमच्या त्या दोघांनीच निवडावेत. बहुतेक असली पुस्तकं कुठल्यातरी शहरातल्या, पगारदार, वाचायची सवय असलेल्या मंडळीसाठी लिहिलेली असतात आणि पाठाखालच्या प्रश्नांची उत्तरं पाठातच दिलेली असतात. असे प्रश्न काढून टाका. प्रत्येक बैठकीत उत्तर आधी कुणालाच माहीत नसलेला एक तरी प्रश्न असू द्या.

बचतगट असतील तर त्यांना जोडून घ्या. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात मोझेस कोडी आणि जिमी टॉम्पकिन्स या दोन धर्मगुरूंनी मच्छीमार, शेतकरी, खाणकामगार यांची अभ्यासमंडळं उभी केली. त्यासाठी 1928 मध्ये अँटिगोनिश गावातल्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाचा विस्तार विभाग निघाला. लोक एकमेकांच्या स्वयंपाकघरात जमत, मासळीचा भाव कोण ठरवतो याचा हिशेब मांडत आणि त्या अभ्यासातून पतसंस्था, सहकारी दुकानं उभी राहिली. आपल्याकडे उलटं झालंय. बचतगट आधीच आहेत, त्यातलं शिकणं नाही; वही एकटी सचिव लिहिते, बाकीच्या अंगठा किंवा सही करतात. दर बैठकीत वही वेगळ्या बाईने मोठ्याने वाचायची एवढा एक नियम घालून बघा.

मंडळीबाहेरच्यांना घ्यावं का? घ्यावं, पण दोन कामं वेगळी ठेवून. बायबलचा अभ्यास, दृढीकरणाची (विश्वास जाहीर कबूल करण्याच्या विधीची) तयारी, पंचांचं शिक्षण हे मंडळीचं, चर्चमध्ये, उघडपणे धर्माचं. साक्षरता, हिशेब, मोबाइल, सरकारी कागद हे सगळ्या गावाचं, समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत, आणि तिथे प्रार्थनेने सुरुवात नको, रविवारी येण्याचं आमंत्रणही नको. तेविसाव्या स्तोत्राच्या पट्ट्या तिकडे नेऊ नका; तिथे ‘कापूस’ चालेल. सुरू करण्याआधी सरपंच, पोलीस पाटील आणि मुख्याध्यापकांना भेटून काय शिकवणार, कोण शिकवणार हे सांगा. वर्गाच्या बदल्यात कुणाला काही मिळतं अशी कुजबुजही होऊ देऊ नये. काहींना यात आपल्या विश्वासाची साक्ष बुजल्यासारखी वाटते. त्यांना वर्ध्याकडे बोट दाखवा. मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते, सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचा भार वाहणारे आर्यनायकम ख्रिस्ती होते आणि तिथे शिक्षक घडवणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या होत्या. त्यांनी गावाला काम करत शिकवलं, आणि त्यांचा विश्वास त्यामुळे काही पातळ झाला नाही.

अठराखालची मुलंमुली शिबिराला असतील तर पालकांची लेखी संमती, मुक्कामाला दोन जबाबदार मोठी माणसं, त्यात एक बाई, आणि मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याची माहिती प्रत्येक स्वयंसेवकाला. यात सूट नाही, माणूस कितीही ओळखीचा असो.

पैशाचं फार मनावर घेऊ नका. फळा, खडू, वह्या, एक चांगला दिवा आणि त्या दोघांचं येण्याजाण्याचं भाडं हे मंडळीच्या दानातून निघतं, निघालं पाहिजे. बाहेरच्या देशातून मदतीचं बोलणं कुणी काढलंच, तर परदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपया घेता येत नाही हे ध्यानात असू द्या. पैसा आला की हजेरीपट फुगतात, हा माझा अनुभव.

राहिलं प्रमाणपत्र. बायबलच्या वर्गाला देऊ नका. ज्याचा अभ्यास झाला त्याला पुढच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायला उभं करा, पंचकमिटीच्या हिशेबाला बसवा. साक्षरतेच्या वर्गाला मात्र सरकारी कागद मिळू शकतो आणि तो मिळवून द्यावा. उल्हास या सरकारी साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षांवरच्या निरक्षरांची नोंदणी होते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून 150 गुणांची चाचणी असते, आणि शिकवणारा स्वयंसेवक कुणीही होऊ शकतो. दहावी सुटलेल्या तरुणांना एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, परीक्षा देता येते; त्यांचा वर्ग वेगळा लावा, त्यांना अक्षरओळखीच्या वर्गात बसवू नका. उल्हासची नोंद गावच्या जिल्हा परिषद शाळेतून होते. तेव्हा तीन गावांची एकच यादी न करता ज्या त्या गावच्या मुख्याध्यापकांकडे वेगळी द्या, आणि तुमच्या त्या दोघांची नावं स्वयंसेवक म्हणून त्याच वेळी लिहून या.